विडंबनकाराचे राजकारण : आचार्य अत्रे यांच्या उपहासात्मक पत्रकारितेचा पुनर्विचार

प्रस्तावना

प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांचे नाव मराठी माणसाच्या तोंडी जितक्या वेळा येते, तितक्या वेळा त्यांचे लेखन त्याच्या वाचनात येत नाही. अत्रे म्हणजे हजरजबाबीपणा, अत्रे म्हणजे सभेतील हशा आणि टाळ्या, अमुक मंत्र्याला त्यांनी कसे गप्प केले आणि तमुक लेखकाची कशी फजिती केली, अशा किश्श्यांच्या रूपाने ते आज शिल्लक आहेत. किश्श्याला तारीख लागत नाही, पुरावा लागत नाही आणि प्रतिपक्षाची बाजूही लागत नाही. त्यामुळे किश्श्यातील अत्रे नेहमीच जिंकतात. समीक्षेला मात्र हा विजय गृहीत धरून चालत नाही.

या स्थितीचे दोन परिणाम विशेष जाणवतात. पहिला परिणाम अध्यापनाशी संबंधित आहे. पदव्युत्तर वर्गात ‘झेंडूची फुले’चे केशवकुमार आधुनिक कवितेच्या अभ्यासपत्रिकेत येतात आणि ‘मराठा’चे संपादक प्रसारमाध्यमांच्या अभ्यासपत्रिकेत येतात. ही दोन्ही माणसे एकच आहेत, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु एकाच्या लेखनातून दुसऱ्याचे लेखन कसे उगवले, हा प्रश्न कोणत्याच अभ्यासपत्रिकेत विचारला जात नाही. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. सार्वजनिक जीवनात कोणी प्रतिपक्षाविषयी असभ्य भाषा वापरली, की ‘ही तर अत्र्यांची परंपरा’ असे समर्थन ऐकू येते. हे समर्थन खरे मानावे काय, हे ठरवायचे असेल तर अत्र्यांनी नेमके काय केले हे पाहणे आवश्यक ठरते.

एखादा उपहासकार पत्रकार राजकारणात उतरतो तेव्हा त्याच्या उपहासाचे काय होते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. लेखाची मांडणी थोडक्यात अशी : अत्र्यांचे मुख्य हत्यार उपरोध हे नसून अतिशयोक्ती हे आहे. विडंबनकवितेत या अतिशयोक्तीला मूळ कवितेच्या घाटाचे बंधन होते. राजकीय पत्रकारितेत ते बंधन सुटले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनकाळात एका सामूहिक ध्येयाने तिला वेगळे बंधन पुरवले. १९६० नंतर मात्र तेही उरले नाही. अत्र्यांच्या यशाचे आणि त्यांच्या मर्यादेचे मूळ असे एकच आहे.

पूर्वपरंपरा : वक्रोक्ती आणि निर्भर्त्सना

अत्र्यांची राजकीय भाषा आकाशातून पडलेली नाही. तिच्या मागे मराठी गद्याच्या किमान दोन परंपरा उभ्या आहेत. पहिली परंपरा वक्रोक्तीची. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे हे तिचे सर्वोच्च उदाहरण होय. १८९८ साली पुण्यात सुरू झालेल्या या साप्ताहिकात शिवरामपंतांनी सरकारची स्तुती करीत सरकारची निंदा केली. आपल्या अलंकारशास्त्रात जिला व्याजस्तुती म्हणतात, तिचा इतका सातत्याने राजकीय उपयोग मराठीत दुसऱ्या कोणी केलेला नाही. ही शैली म्हणजे केवळ शिवरामपंतांच्या स्वभावाचा विशेष नव्हे. भारतीय दंडसंहितेत १८७० साली राजद्रोहाचे १२४-अ कलम दाखल झाले होते आणि १८९७ साली लोकमान्य टिळकांना त्याच कलमाखाली शिक्षा झाली होती. सरळ बोलणाऱ्याला तुरुंग दिसत असताना वाकडे बोलणे ही लेखकाची गरजच झाली. अर्थात वक्रोक्तीही त्यांना फार काळ वाचवू शकली नाही. १९०८ साली त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली आणि १९१० साली ‘काळ’ बंद पडला. तरीही मुद्दा शिल्लक राहतो : उपरोध हा दडपणाखाली घडलेला अलंकार आहे.

दुसरी परंपरा थेट निर्भर्त्सनेची. तिचे आद्य आचार्य विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त त्यांनी प्रतिपक्षाला नामोल्लेखासह, दीर्घ वाक्यांच्या ओघात आणि विशेषणांच्या माऱ्याखाली झोडपण्याचा प्रघात पाडला. त्यांच्या टीकेचे लक्ष्य झालेल्यांमध्ये लोकहितवादी होते आणि महात्मा जोतीराव फुलेही होते. विशेष असे की फुले स्वतःही प्रखर उपहासकार होते. ‘तृतीय रत्न’ (१८५५) हे नाटक आणि ‘गुलामगिरी’ (१८७३) यांतील संवाद त्याची साक्ष देतात. म्हणजे उपहासाच्या भाषेचा उपयोग व्यवस्थेच्या समर्थनासाठी आणि व्यवस्थेच्या विरोधात, असा दोन्ही बाजूंनी एकाच काळात होत होता.

अत्र्यांचे वैशिष्ट्य येथे लक्षात येते. त्यांच्या गद्याची ठेवण चिपळूणकरी आहे, पण त्यांची निष्ठा फुल्यांकडे आहे. पुणे नगरपालिकेत काँग्रेसच्या बाजूने काम करीत असताना तेथील ‘रे मार्केट’ला महात्मा फुले यांचे नाव देण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९५४ साली त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला आणि त्याच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. ज्या भाषाशैलीने फुल्यांची टवाळी झाली होती, ती शैली फुल्यांच्या बाजूने वळवणे, हे अत्र्यांच्या पत्रकारितेचे एक ऐतिहासिक कार्य म्हणावे लागेल. त्याची नोंद मराठी समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही.

या दोन परंपरांमध्ये तिसरा दुवा अच्युतराव कोल्हटकरांचा. त्यांच्या ‘संदेश’ने वृत्तपत्र हे विद्वानांच्या बैठकीतून उचलून रस्त्यावर आणले, भडक मथळे, चुरचुरीत सदरे आणि व्यक्तींविषयीचे कुतूहल यांची वाचकाला सवय लावली. अत्र्यांना जो वाचक मिळाला, तो अच्युतरावांनी घडवलेला होता.

‘झेंडूची फुले’ : विडंबनाची शिस्त

‘झेंडूची फुले’ १९२५ साली प्रसिद्ध झाले. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवितेने त्या वेळी तरुण वाचकांना मोहून टाकले होते. कवितेचे चहापानाबरोबर होणारे जाहीर वाचन, परस्परांची स्तुती, फारसी शब्दांची हौस, प्रेमाचे हळवे उद्गार आणि वृत्तांचे नवे प्रयोग या सर्वांवर केशवकुमारांनी विडंबनाचा प्रकाश टाकला. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या कवितेतील कवीचा आत्मगौरव त्यांनी उचलला आणि त्याच घाटात प्रसिद्धीलोलुप कवीची दिनचर्या बसवली. ‘प्रेमाचा गुलकंद’मध्ये रोज गुलाब देणाऱ्या प्रियकराची फुले अखेर बरणीत जातात; भावनेची अतिशयोक्ती स्वयंपाकघरातल्या एका वस्तूने खाली आणली जाते.

या कवितांचे यश कशात आहे? विडंबनकाराला मूळ कविता पाठ असावी लागते. तिचे वृत्त, तिची शब्दकळा, तिचा सूर यांवर त्याची हुकमत असावी लागते. मूळ कवितेपासून फार दूर गेला तर विडंबन ओळखू येत नाही आणि फार जवळ राहिला तर ते अनुकरण होते. याचा अर्थ असा की विडंबन हे टीका असले तरी ते मूळ कृतीच्या निकट वाचनातून जन्म घेते. ज्याची थट्टा करायची, त्याच्या घरात काही काळ राहावे लागते. केशवकुमारांच्या अतिशयोक्तीला म्हणूनच कुंपण होते. माधव जूलियन यांच्या कवितेची थट्टा करताना त्यांना माधव जूलियन यांच्या कवितेतच वावरावे लागत होते.

नाटकांतही हीच शिस्त थोड्या वेगळ्या रूपात आढळते. ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकात व्यायामाचे वेड, ज्योतिषाचे वेड, काव्याचे वेड अशी वेडांची जत्रा आहे. येथे उपहासाचा विषय प्रवृत्ती हा आहे, व्यक्ती नव्हे. ‘सुदाम्याचे पोहे’पासून गडकऱ्यांच्या ‘बाळकरामा’पर्यंत आलेला हा वारसा अत्र्यांना गुरुपरंपरेने मिळाला होता. प्रवृत्तीची थट्टा करणाऱ्या लेखकाला त्या प्रवृत्तीचे अंश स्वतःतही दिसतात, म्हणून या हास्यात विखार नसतो.

‘नवयुग’ : व्यक्तीकडे वळलेला उपहास

१९४० साली ‘नवयुग’ साप्ताहिक सुरू झाले आणि अत्र्यांच्या उपहासाचे लक्ष्य बदलले. कृतीच्या आणि प्रवृत्तीच्या जागी व्यक्ती आली. ना. सी. फडके यांच्याशी चाललेला त्यांचा प्रदीर्घ वाद हे या बदलाचे ठळक उदाहरण. फडके १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, १९४१ साली आपल्या सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद वि. स. खांडेकरांनी भूषवले आणि १९४२ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष अत्रे झाले. लागोपाठच्या तीन वर्षांत मराठी साहित्याने तीन भिन्न भूमिकांना आपले व्यासपीठ दिले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा त्या काळातील मूलभूत वाद होता. अत्र्यांसारख्या समर्थ लेखकाने फडक्यांच्या वाङ्मयीन भूमिकेचे ‘झेंडूची फुले’च्या तोडीचे विडंबन केले असते तर मराठी समीक्षेला त्यातून काही स्थायी मिळाले असते. प्रत्यक्षात वादाचा बराचसा भाग वैयक्तिक पातळीवर उतरला. वाचकांचे मनोरंजन झाले. प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

येथे एक बाब न्यायाने नोंदवली पाहिजे. याच काळात अत्रे पाठ्यपुस्तकांचे संपादक होते, प्रशिक्षित शिक्षक होते, लंडनहून अध्यापनशास्त्राची पदविका घेऊन आलेले मुख्याध्यापक होते. ‘नवयुग वाचनमाले’तून मुलांसाठी मराठी सोपी आणि प्रसन्न करण्याचे त्यांचे काम मोठे आहे. संयमित गद्य त्यांना लिहिता येत नव्हते असे नाही. साप्ताहिकातील भाषा ही त्यांची निवड होती. म्हणूनच ती टीकेस पात्र ठरते.

‘मराठा’ आणि संयुक्त महाराष्ट्र

१९५५ ते १९६० या पाच वर्षांत अत्र्यांच्या जीवनाला आणि लेखनाला जे वळण मिळाले, त्याचा तपशील सर्वज्ञात आहे; येथे आवश्यक तेवढाच घेतो. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवरील मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनच्या परिसरात मोर्च्यावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केला आणि पुन्हा गोळीबाराचे दिवस आले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, ‘मराठा’ दैनिकाचा पहिला अंक निघाला. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा दणदणीत पराभव केला आणि अत्रे स्वतः विधानसभेवर निवडून गेले.

या क्रमातील कळीचा मुद्दा असा की अत्रे आता एकाच वेळी चार भूमिकांत होते : दैनिकाचे मालक-संपादक, आंदोलनाचे नेते, सभांचे वक्ते आणि विधानसभेचे सदस्य. सायंकाळी शिवाजी पार्कवर जे भाषण होई, त्याचेच पडसाद सकाळी अग्रलेखात उमटत. बातमी घडवणारा, बातमी देणारा आणि बातमीवर भाष्य करणारा एकच. उपहासकाराला जे अंतर आवश्यक असते, ते या व्यवस्थेत उरणे शक्य नव्हते. खेळाच्या मैदानाबाहेर बसून खेळाडूंची थट्टा करणारा आता स्वतःच मैदानात होता.

याचा परिणाम भाषेवर झाला. ‘मराठा’चे गद्य हे लिहिलेले वक्तृत्व आहे. एकच आशय तीन-तीन विशेषणांनी सांगणे, प्रश्नांची माळ लावणे, वाक्याच्या शेवटी टाळीची जागा ठेवणे ही सभेची लक्षणे त्यात उतरली. स. का. पाटलांचे ‘सदोबा’ झाले. मोरारजींसाठी तर पुराणातील सर्व खलपुरुष कामाला लावले गेले. हा उपरोध नव्हे. शिवरामपंतांच्या वक्रोक्तीला वाचकाने दुसरा अर्थ शोधावा लागे. अत्र्यांच्या अतिशयोक्तीला दुसरा अर्थच नसतो. संविधानाने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या काळात वाकडे बोलण्याची गरज संपली होती आणि अत्र्यांनी सरळ बोलण्याची पूर्ण मुभा घेतली. स्वातंत्र्याने लेखकाला निर्भय केले, पण त्याच्या शैलीतून एक अलंकार काढून घेतला, असे येथे म्हणावेसे वाटते.

आपल्या सोलापूरच्या वाचकाला ही तुलना परकी वाटू नये. १९३० च्या मार्शल लॉमध्ये ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना शिक्षा झाली आणि ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी आपल्या तीन सहकाऱ्यांसह फासावर गेले. पत्रकाराने राजकारणात उतरण्याची किंमत एका पिढीपूर्वी काय होती, हे या शहराने पाहिले आहे. अत्र्यांच्या निर्भयतेचे मूल्यमापन करताना ती ज्या पायावर उभी होती, त्याचे स्मरण असावे.

मग ‘मराठा’ची भाषा केवळ शिवीगाळ होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. सत्ता, पैसा आणि बहुतांश मोठी वृत्तपत्रे दुसऱ्या बाजूला होती. गिरणी कामगार, हमाल, शेतकरी यांच्या मनातील संतापाला छापील शब्द मिळणे ही तेव्हा राजकीय गरज होती. मोरारजींविषयीची अतिशयोक्ती ही वाचकाच्या दृष्टीने अतिशयोक्ती नव्हतीच. ती त्याच्या अनुभवाचे यथातथ्य वर्णन होती. अतिशयोक्तीला येथे ध्येयाचे कुंपण मिळाले. आंदोलनाला काय हवे आहे, हे स्पष्ट होते. कोण अडवतो आहे, हेही स्पष्ट होते. उपहासाचे लक्ष्य सत्ताधारी होते आणि लेखक आपल्या नावानिशी परिणाम भोगायला उभा होता. या मर्यादेत ‘मराठा’चे गद्य हे मराठी भाषेतील प्रभावी राजकीय गद्यांपैकी एक आहे, यात शंका नाही.

परंतु कुंपण होते म्हणून ते कधी ओलांडले गेले नाही, असे नाही. सत्ताधाऱ्यावरील टीका आणि त्याच्या भाषिक समाजाविषयीचा रोष यांतील सीमारेषा या गद्यात नेहमीच स्वच्छ राहिली, असे म्हणता येत नाही. वास्तविक गुजरातेतही इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली द्वैभाषिकाविरुद्ध आंदोलन चालू होते आणि ते समितीचे नैसर्गिक सहप्रवासी होते. ‘महाराष्ट्रप्रेमी’ आणि ‘महाराष्ट्रद्रोही’ अशा दोनच रकान्यांत जग विभागणारी भाषा ही सूक्ष्मता पेलू शकत नव्हती.

सोलापुरातून पाहताना ही अडचण अधिक जाणवते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा या शहराच्या बाजारात, गिरण्यांत आणि यंत्रमागांवर नांदल्या आहेत. पुढे १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली दिलेल्या अहवालात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर हा प्रदेश त्या वेळच्या म्हैसूर राज्याला द्यावा अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. सीमेवरच्या माणसाला भाषेचा अभिमान असतो आणि शेजाऱ्याची भाषाही येत असते. त्याच्या अनुभवाला दोन रकाने पुरत नाहीत. मुंबईच्या मैदानावरून घडलेल्या भाषेत हा अनुभव बसत नाही, ही मर्यादा ‘मराठा’चा अभ्यास करताना नोंदवावी लागते. गंमत अशी की अत्र्यांच्या नाटककाराला ही गुंतागुंत अपरिचित नव्हती. ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मधील लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी आहे आणि एका माणसाची अनेक नावे, अनेक बोली, अनेक ओळखी हाच त्या नाटकाचा गाभा आहे. नाटककार अत्र्यांना जे दिसत होते, ते अग्रलेखकार अत्र्यांना लिहिता आले नाही.

१९६० नंतर

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. नव्या राज्याचे नाव ‘महाराष्ट्र’च असावे, हा अत्र्यांचा आग्रहही सफल झाला. ध्येय गाठले गेले आणि त्याबरोबर अतिशयोक्तीचे कुंपणही गेले. समितीतील पक्ष आपापल्या वाटांनी गेले. हत्यार मात्र हातातच होते. कालचे सहकारी आजचे लक्ष्य होऊ लागले. वादाचे विषय लहान झाले, पण आवाज तेवढाच राहिला. मोठ्या प्रश्नासाठी चढवलेला स्वर लहान प्रश्नासाठी वापरला की तो कर्कश वाटतो. १९६० नंतरच्या ‘मराठा’तील पुष्कळ वादांची आज कोणाला आठवणही नाही, याचे कारण हेच असावे.

याच सुमारास एक नवा उपहासकार पुढे आला. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकाचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. योगायोगाने तो अत्र्यांचा जन्मदिवस होता. ठाकऱ्यांचे वडील प्रबोधनकार हे समितीच्या लढ्यात अत्र्यांचे सहकारी. काही वर्षांतच ‘मार्मिक’ आणि ‘मराठा’ यांच्यात जे वाग्युद्ध पेटले, त्यात अत्र्यांना त्यांचीच भाषा उलट ऐकावी लागली : तीच टोपणनावे, तीच व्यंगावरची बोटे, तेच दोन रकाने. फरक एवढाच की अत्रे एका आघाडीचे प्रवक्ते होते. ‘मार्मिक’मधून १९६६ साली स्वतंत्र संघटनाच उभी राहिली. अत्र्यांच्या शैलीतील ध्येय बाजूला काढून तंत्र तेवढे उचलता येते, हे या प्रसंगाने सिद्ध केले. शैलीचा वारस कोण होईल, हे लेखकाच्या हाती नसते.

मृत्युलेख : अतिशयोक्तीची दुसरी बाजू

अत्र्यांच्या पत्रकारितेचा विचार त्यांच्या मृत्युलेखांशिवाय पूर्ण होत नाही. डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर (६ डिसेंबर १९५६) त्यांनी केलेले भाषण आणि लेखन आजही मनाला भिडते. तेव्हा ‘मराठा’ जेमतेम तीन आठवड्यांचा होता. त्याहून लक्षणीय उदाहरण नेहरूंचे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास आले तेव्हा समितीने काळ्या निशाणांनी त्यांचे स्वागत केले. त्या काळात अत्र्यांच्या लेखणीने नेहरूंची गय केली नव्हती. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले आणि त्याच अत्र्यांनी ‘मराठा’त लेखमाला लिहिली. ‘सूर्यास्त’ या नावाने ती ग्रंथरूप झाली.

याला कोणी विसंगती म्हणेल. प्रस्तुत लेखकाच्या मते ही विसंगती नाही. निंदेत आणि स्तुतीत अत्र्यांचे हत्यार एकच आहे. गेल्या दहा हजार वर्षांत असा माणूस झाला नाही, ही त्यांच्या नावावर जमा झालेली लकब निंदेलाही लागू पडे आणि स्तुतीलाही. मात्र मृत्युलेखात या अतिशयोक्तीला पुन्हा एक बंधन मिळते. समोर एक पूर्ण झालेले आयुष्य असते. त्याचे तपशील बदलता येत नाहीत. विडंबनात जे काम मूळ कवितेचा घाट करी, तेच काम मृत्युलेखात दिवंगताचे चरित्र करते. म्हणूनच ‘झेंडूची फुले’ आणि मृत्युलेख हे त्यांच्या लेखनाचे दोन सर्वाधिक टिकाऊ भाग ठरले.

दोन तुलना

अत्र्यांचे मोठेपण आणि धोका, दोन्ही नीट कळण्यासाठी दोन बाहेरची उदाहरणे उपयोगी पडतात. फ्रान्समधील आंरी रोशफोर याने १८६८ साली ‘ला लांतेर्न’ हे उपहासपत्र काढून तिसऱ्या नेपोलियनच्या साम्राज्याला हैराण केले. १८६९ साली तो पॅरिसमधून निवडून आला. पुढे त्याला हद्दपारी भोगावी लागली, त्यातून तो निसटलाही. पण उत्तरायुष्यात त्याच लेखणीने त्याने सेनापती बूलांजेची बाजू घेतली आणि निरपराध ड्रेफसविरुद्ध गरळ ओकली. सत्तेविरुद्धचा उपहास दुर्बलाविरुद्धच्या द्वेषात कसा बदलतो, याचे हे उदाहरण आहे. अत्र्यांचे तसे झाले नाही. फुले आणि आंबेडकर यांच्याविषयीची त्यांची निष्ठा हे त्याचे एक कारण मानता येईल.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतील चो रामस्वामी यांचे. १९७० साली ‘तुघलक’ हे नियतकालिक काढून त्यांनी राजकीय उपहास दीर्घकाळ चालवला आणि १९९९ ते २००५ या काळात ते राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य होते. राजकारणाच्या निकट राहूनही त्यांनी संपादकाची खुर्ची हीच आपली मुख्य जागा मानली. अत्र्यांनी खुर्ची आणि मैदान यांत फरकच ठेवला नाही. चो यांना त्यामुळे दीर्घायुष्य लाभले. अत्र्यांना एक झंझावात लाभला. एका राज्याच्या निर्मितीत उपहासकाराचा इतका प्रत्यक्ष वाटा असल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही, हेही तितकेच खरे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) अत्र्यांच्या सर्व लेखनाचे सूत्र अतिशयोक्ती हे आहे. विडंबनकविता, आंदोलनकाळातील अग्रलेख आणि मृत्युलेख या तिन्ही ठिकाणी तिला बाहेरून बंधन मिळाले. तेथे ती कला झाली. जेथे बंधन नव्हते, तेथे ती केवळ आवाज राहिली.

२) शिवरामपंतांचा उपरोध आणि अत्र्यांची निर्भर्त्सना यांतील फरक स्वभावाचा तसाच कायद्याचाही आहे. शैलीचा इतिहास लिहिताना लेखनस्वातंत्र्याचा इतिहास सोबत ठेवावा लागेल.

३) उपहासकार राजकारणात उतरला म्हणजे त्याचा उपहास मरतोच असे नाही, परंतु त्याला अंतर गमवावे लागते. त्याची भरपाई ध्येयाने होऊ शकते, ती ध्येय आहे तोपर्यंतच.

४) आजच्या राजकीय असभ्यतेला अत्र्यांचा आधार देता येत नाही. अत्र्यांचे लक्ष्य आंदोलनकाळात सत्तेवर होते. ते स्वतःच्या नावाने लिहीत. आणि ज्याच्यावर तुटून पडले त्याच्या मोठेपणापुढे नतमस्तक होण्याची ताकद त्यांच्यात होती. ‘सूर्यास्त’ लिहिण्याची कुवत ज्याच्यात नाही, त्याने ‘मराठा’च्या भाषेवर हक्क सांगू नये.

५) त्याच वेळी, व्यक्तिगत व्यंगावर बोट ठेवणारी आणि जगाचे दोन रकाने करणारी त्यांची भाषा दोषमुक्त ठरत नाही. तिचे वारस निघाले आणि त्यांनी अत्र्यांनाच लक्ष्य केले, ही तिच्यावरची इतिहासाची टीका आहे.

अखेर अध्यापनासंबंधी एक सूचना. ‘झेंडूची फुले’तील एक कविता, ‘मराठा’तील एक अग्रलेख आणि ‘सूर्यास्त’मधील एक लेख असे तीन पाठ एकाच तासाला विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि प्रत्येकात अतिशयोक्तीला कोण आवरते आहे, एवढाच प्रश्न विचारावा. किश्श्यांतून न कळलेले अत्रे त्या एका तासात पुष्कळसे कळतील, असा विश्वास वाटतो.